परराष्ट्रमंत्र्यांचं एक वाक्य

वाइतेरा नावाचा देश शोधायचा तर नकाशाला नाक टेकवावं लागतं. पॅसिफिक महासागरात शिंतोडे उडावेत तशी पाचपंचवीस बेटं, आणि सगळ्यांची मिळून वस्ती आपल्या कोथरूडच्या निम्मीसुद्धा नाही. पण देश म्हटला की परराष्ट्रमंत्री हवाच, आणि तिथे कित्येक वर्षं तो इसाया तामोआ हाच होता. सुरुवातीला त्याच्याकडे मासेमारी आणि पोस्टखातंही होतं, कारण इतक्या खात्यांना पुरतील एवढी माणसंच त्या देशात नव्हती. जगात फारसं कुणाला ठाऊक नसलेली ही माहिती टोकियोतल्या फुनाबोरीत राहणाऱ्या सुप्रभा केतकरला मात्र तोंडपाठ होती.

त्याला कारण होतं. ऐंशीच्या दशकात इसाया शिष्यवृत्तीवर पुण्याला शिकायला आला आणि सुप्रभाच्या माहेराशेजारी खोली घेऊन राहिला. तिनं त्याला मराठी शिकवलं, आमटीभात हातानं कालवायला शिकवलं, आणि लॉ कॉलेज रस्त्यावर स्वतःची लेडीज सायकल देऊन ती चालवायलाही शिकवलं. वादळात होडी हाकणारा हा गडी, पण सायकलवर त्याचा जीव मुठीत असायचा. शिक्षण संपवून निघताना तो म्हणाला, पुढच्या वर्षी येतो आणि तुझ्या वडिलांशी बोलतो.

सुप्रभा थांबली. एक वर्ष थांबली, मग आणखी थांबली. वेळ जावा म्हणून लावलेला जपानीचा क्लास पार शेवटच्या परीक्षेपर्यंत पोचला, तरी इसायाचा पत्ता नाही. आलेली स्थळं नाकारायला कारणं उरली नाहीत, तेव्हा तिनं उल्हास केतकरांना होकार दिला. त्याचा तिला कधी पस्तावा झाला नाही. उल्हास स्वभावानं मोकळा. इसायाचा उल्लेख तो ‘तुझे मंत्री’ असा करी आणि हसे. दोन हजार साल उजाडलं, जपानला भारतीय इंजिनियर हवेहवेसे झाले आणि केतकर टोकियोला आले. पुण्यात ज्या जपानीला नातेवाईक ‘हिचं हे काय खूळ’ म्हणत, त्या जपानीला इथे सोन्याचा भाव आला. सुप्रभा दुभाषी झाली. तिची ख्याती अशी, की बाई शब्द गाळणार नाही आणि पदरचा घालणार नाही.

घरी इंटरनेट आल्यावर मात्र तिला एक चाळा लागला. मुलगी शाळेत गेली की ती वाइतेराचं नाव टाकून बसायची. इसाया कारकुनाचा राजदूत कधी झाला, राजदूताचा मंत्री कधी झाला, कुठल्या परिषदेत कुणाशेजारी बसला, सगळं तिनं असंच गोळा केलं. एका फोटोत त्याचे केस विरळ झालेले दिसले, तर तिचा आख्खा दिवस उदास गेला. एवढ्या वर्षांत तिला त्याच्याकडून काही नको होतं. त्यानं आपल्याला एकदा पाहावं आणि ओळखावं, बस्स.

आणि तो टोकियोला आला. आपल्या देशातल्या पोरांना कॉम्प्युटरचं शिक्षण मिळावं, म्हणून तिथल्या तोयोसु भागातल्या एका कंपनीचं दार त्यानं ठोठावलं होतं. ती कंपनी नेहमी सुप्रभालाच बोलवायची.

भेटीच्या दिवशी सकाळी उल्हास म्हणाला, “सरळ विचार ना त्यांना, ओळखलंत का म्हणून. त्यात काय एवढं?”

तिनं मान हलवली. दुभाष्यानं कामावर स्वतःचं काही बोलायचं नसतं, हे एक. दुसरं म्हणजे, सांगून ओळखण्यात काय मजा? ते तर कुणीही ओळखेल.

इसाया आला. जाडावला होता, चालणं मात्र तेच. त्यानं सगळ्यांशी हात मिळवले, तिच्याशीही. तिच्या गळ्यातल्या कार्डावर केतकर एवढंच होतं. ते वाचून, जपानी रीतीनं नावाला ‘सान’ जोडून, तो इंग्रजीत म्हणाला, मदतीबद्दल आभारी आहे, केतकर-सान. आणि पुढच्या माणसाकडे वळला. ओळखलं नाही, सुप्रभाच्या मनात आलं. आपल्या चष्म्याला, पांढऱ्या केसांना आणि काळ्या सुटाला तिनं मनातल्या मनात चार शिव्या घातल्या आणि ती कामाला लागली.

जेवणाच्या वेळी कंपनीचे म्हातारे अध्यक्ष नोमुरा-सान यांनी सहज विचारलं, इतकी मोठी कारकीर्द झाली, काही करायचं राहून गेलं का? सुप्रभानं प्रश्न इंग्रजीत केला. इसायानं चॉपस्टिक खाली ठेवल्या. मुरलेले पाहुणे बोलतात तसा तो थोडंथोडं बोलत, तिच्यासाठी थांबत गेला.

देश नवा होता, तो म्हणाला. परराष्ट्र खात्यात आम्ही चार जण. भारतात एका मुलीला मी पुढच्या वर्षी येतो म्हणून सांगितलं होतं. साहेब म्हणाले, तू गेलास तर उरलो तीन. मग दरवर्षी काहीतरी निघालं. कधी वादळ, कधी निवडणूक, आणि शेवटी मीच मंत्री झालो.

दुभाष्यानं ‘ते म्हणतात’ असं म्हणायचं नसतं. मंत्री ‘मी’ म्हणाले की आपणही ‘मी’च. तेव्हा सुप्रभानं नोमुरा-सानांना स्वतःच्या तोंडानं सांगितलं, की मी एका मुलीला शब्द दिला होता आणि मी गेलो नाही. तिला रडावंसं वाटत होतं, आणि त्याहून जास्त त्याच्या दंडाला धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं.

मंत्र्यांचं लग्न झालं का, नोमुरा-सानांनी विचारलं. झालं, तो म्हणाला, बायको फार चांगली आहे, मुलं मोठी झाली. मग जरा थांबून म्हणाला, “तरी अजून वर्ष संपत आलं, की मी मनात म्हणतो, पुढच्या वर्षी जाईन.”

टेबलाभोवती बसलेल्यांचं इंग्रजी बेताचंच होतं. सगळे तिच्याकडे बघत होते. सुप्रभानं पाण्याचा घोट घेतला आणि जपानीत सांगितलं, मंत्र्यांची पत्नी फार चांगली आहे, मुलं मोठी झाली आहेत. पुढे ती काही बोलली नाही. नोमुरा-सान समाधानानं हसले.

तिसऱ्या प्रहरी सगळे त्याला लिफ्टपर्यंत पोचवायला गेले. इसाया आत शिरला, वळला आणि थेट तिच्याकडे बघून गंजलेल्या मराठीत म्हणाला, “सुप्रभा, सगळं सांगितलंस ना?”

म्हणजे त्यानं सकाळीच ओळखलं होतं.

“एक वाक्य गाळलं,” ती कशीबशी म्हणाली.

त्याच क्षणी दार सरकू लागलं. पाहुण्याला निरोप देताना लिफ्टचं दार पुरतं मिटेपर्यंत कमरेत वाकून राहायचं, अशी इथली रीत. नोमुरा-सान वाकले, त्यांच्या मागची रांग वाकली, आणि जपानात इतकी वर्षं काढलेली सुप्रभाची पाठही तिला न विचारता वाकली.

“ते त्यांच्यासाठी नव्हतंच,” तिच्या डोक्यावरून आवाज आला.

खाली मान घातलेल्या सुप्रभाला त्याचे काळे बूट तेवढे दिसले. तिनं झटकन मान वर केली, तोवर दार मिटलं होतं. हे बोलताना त्याचा चेहरा कसा होता, ते तिनं पाहिलंच नाही.