व्हॅनच्या पोटातला नाडा

माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करून ऐकायची आमच्या जवळा बाजार गावात रीत आहे. या गोष्टीतलं काही वजा करू नका. करायचंच असेल तर ऊन थोडं कमी करा, कारण त्या दिवशी कावळेसुद्धा चालत जात होते.

साल दोन हजार एक. एसटीचा संप होता आणि गावातल्या रामजीच्या पोरीला, सरिताला, तीन वाजता हिंगोलीत नर्सच्या जागेची मुलाखत होती. यंदा हुकलं की वय उलटणार. म्हणून ती भाडं मारणाऱ्या जगनच्या व्हॅनमध्ये बसली. मी बसलो उगीच, मला कुठंच जायचं नव्हतं.

औंढा मागं पडलं आणि एका तांड्याजवळ इंजिन आवाज न करता मेलं. जगननं बाजूचं झाकण उघडलं, तर आतला दातेरी पट्टा तुटलेला. खालच्या चाकाची गती वरच्या चाकाला देणारा तोच. नवा पट्टा त्याच्याकडं वर्षभर होता, सीटखाली, कागदात. दर दसऱ्याला तो त्याला हळदकुंकू वाहायचा. बसवायचा कसा, हे कधी विचारलं नव्हतं. त्याला खास हत्यारं लागतात आणि ती नांदेडला असतात, एवढंच त्याला ठाऊक.

सव्वाबारा झाले होते. दोन मोटारसायकली गेल्या, दोन्हींवर तिघंतिघं.

शेतातून तांड्यावरची जमनाबाई आली. पन्नाशीची, ओढणीला आरसे, हातात ऑइल इंजिनचे पान्हे. ऊसतोडीचे तीन हंगाम तिची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, एका गॅरेजला खेटून होती. तिथं ती रात्री भाकरी थापायची आणि दिवसा, ऊस बांधून उरलेल्या वेळात, मिस्त्रीचे हात बघायची. जगनही बंजारा तांड्यातलाच, तो तिला याडी म्हणाला, म्हणजे आई. पण हसून म्हणाला. तिनं ते हसू ऐकलंच नाही.

पट्टा चढवायला आधी खालच्या चाकाचा बोल्ट काढायचा होता. पान्हा लावला की बोल्टाबरोबर अख्खं इंजिन फिरायचं. धरायला खास हत्यार लागतं, असं जगन तिसऱ्यांदा म्हणाला. जमनाबाईनं एक प्लग काढला, भोकात डोकावली आणि मऊ सुती दोरी मागितली. सुतळी नको, तिचे तंतू आत राहतात. व्हॅनमध्ये दोरी नव्हती. तिची नजर फिरत फिरत माझ्या कमरेवर थांबली.

"काका, नाडा सुती हाय का?"

खोटं बोलण्यात माझी हयात गेली, पण त्या बाईसमोर जीभ उचलेना. पुढं दीड तास मी दोन्ही हातांनी पायजमा धरून उभा होतो.

नाडा तिनं भोकातून आत सोडला, शेवट बाहेर ठेवून. आतला दट्ट्या नाड्यावर येऊन दाबला आणि इंजिन जागीच थबकलं. पान्ह्याच्या दांड्यात विहिरीवरचा पाइप अडकवून तिनं एक झटका दिला. बोल्ट सुटला. तांड्यावरची कुत्री तेव्हा भुंकायची थांबली, हे मी शपथेवर सांगतो.

मग नाडा काढून तिनं चाकांवरचं ग्रीस पदरानं पुसलं, खुणा शोधल्या आणि जगनच्याच पुडीतलं कुंकू घेऊन दोन्ही चाकांना टिळे लावले. टिळे आपापल्या खुणेसमोर आणून नवा पट्टा चढवला. दोन चाकांमधले दात तिनं ओढणीवरचे टाके मोजावेत तसे बोटानं मोजले. मग इंजिन हातानं दोन फेरे फिरवलं. वरचा टिळा खुणेवर आला. खालचा एक दात पुढं.

दोन वाजायला आले होते. जगन म्हणाला, एका दातानं काय होतंय, चालू तर होईल.

जमनाबाई सरिताकडं वळली. "पोरी, एक टाका चुकला की म्या सगळी वीण उसवते. पण येळ तुझा हाय. तू सांग."

सरितानं घड्याळाकडं बघितलं, मग त्या टिळ्याकडं. "उसवा, मावशी. म्या धरते."

आणि तिनं चाक धरलं, कोपरापर्यंत काळी होत. दुसऱ्यांदा दोन्ही टिळे बराबर समोरासमोर आले, नवरानवरीसारखे. बोल्ट आवळायला नाडा पुन्हा आत गेला, पुन्हा बाहेर आला. पहिल्याच चावीला इंजिन असं लागलं, की जगन चावी सोडायचीच विसरला.

"जयभीम, मावशी," सरिता खिडकीतून म्हणाली. "जा, लेकरा," एवढंच जमनाबाई बोलली.

तीनला दोन मिनिटं असताना पोहोचलो. हात धुवायला वेळ नव्हता. आतल्या साहेबानं ते हात बघून विचारलं, तर सरितानं सगळं सांगितलं, माझा पायजमासुद्धा. साहेबानं विचारलं, उशीर होत असताना पुन्हा काहून उसवलं? ती म्हणाली, सुई चुकीची टोचली तर वेळेवर टोचली म्हणून चालतं का?

तिला जागा मिळाली. पहिली नेमणूक त्याच तांड्याशेजारच्या उपकेंद्रात. जमनाबाईच्या नातवाला लसीचा पहिला डोस तिनंच दिला.

नाडा मी अजून धुतलेला नाही.