खालच्या खणातली माणसं

दवाखान्याच्या सभागृहात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. मंचावरचे हिशेबतज्ज्ञ पडद्यावर लाल ठिपका नाचवत होते. "गुडघ्यांसाठी नवं इंजेक्शन! सहा डोस, दहातले नऊ ठणठणीत! एकेकाच्या पदरात सुखाची दोन वर्षं! महाग म्हणता? अहो, त्या दोन वर्षांचं मोल मांडा, औषध फुकटच पडतं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. काठ्या टेकत आलेल्या बायका पडद्याला हात जोडायच्याच बाकी होत्या. गुडघेदुखीवाल्यांची व्यायामखोली बंद करून तिचा पैसा इंजेक्शनांकडे वळवायचा, एवढं आज ठरायचं होतं.

दाराशी उभी असलेली आया, साऱ्या दवाखान्याची मावशी, मात्र टाळी विसरली. रुग्णांचे फॉर्म तिनंच गोळा केले होते. दहातले नऊ? मग तिची ताई कुठं गेली? मावशीच्या आग्रहानं तिनं इंजेक्शन घेतलं, तिसऱ्या डोसानंतर चक्कर येऊन पडली, मनगट मोडून घेतलं. पुढचे डोस घेतलेच नाहीत.

"मावशी, अर्धवट फॉर्म खालच्या खणात टाका, मग बघू," डॉक्टर म्हणाले होते. शिकाऊ होते तेव्हापासून तिच्या डब्यातलं खाणारे डॉक्टर! तिनं ताईचा फॉर्मही मुकाट टाकला होता.

मावशीनं जाऊन तो खणच उपसून आणला आणि मंचावर पालथा केला.

"मोजा. अठरा आहेत."

"मावशी, नंतर बोलू," डॉक्टर पुटपुटले.

"तुमचं 'नंतर' पाहिलं, साहेब. सुई चाळिसांनी घेतली. सहाही डोस बाविसांनी पुरे केले, त्यातले वीस बरे. तुम्ही बाविसांतच मोजलंत!"

"अर्धवट सोडणाऱ्यांना कसं मोजणार?" तज्ज्ञ हसले.

"व्यायामखोलीत मोजलंत की! तिथं सोडून गेलेला प्रत्येक जण नापास. तरी तिथंही चाळिसांत वीस बरे!"

मागून ताईचा आवाज आला, "म्हणजे मी पडले, ते कुठंच धरलं नाही? आणि फॉर्म तू टाकलास?"

"मीच टाकला गं."

चमत्कार एवढाच होता. गुण आला ते टिकले, त्रास झाला ते गेले, आणि मोजणी टिकलेल्यांचीच झाली. औषधाचं मोल जरूर मोजावं. पण 'इतके बरे झाले' ऐकलं की टाळीआधी विचारावं, सुरुवात कितींनी केली होती?

व्यायामखोली वाचली. ताई रोज तिथं दांडी धरून चालते. मावशीनं पुढं केलेला हात मात्र अजून धरत नाही.