फाटकाजवळचा नांगर

संग्रहालयाच्या फाटकाजवळ जहाजाचा एक मोठा नांगर पडून असायचा. पस्तीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी जाळ्यात अडकून वर आलेला, त्यामुळे फुकटचा, आणि फुकटचा म्हणून शोभेचा. पोरं त्यावर चढत, पाहुणे त्याला टेकून फोटो काढत, आणि दर वर्षी त्यावर काळ्या रंगाचा एक हात चढे. आधीचा रंग खरवडण्याचा कंटाळा तिथे पिढीजात होता.

हा रंग द्यायचं काम तिथे नोकरीला असलेल्या थोरलीचं. आतल्या काचा पुसणं, पितळ चमकवणं हेही तिचंच. पुसायच्या वस्तूंत एक पाटी होती, सत्तर वर्षांपूर्वी बुडालेल्या मालवाहू जहाजाची: 'कप्तानाने नांगर टाकला नाही. जहाज खडकावर आदळून त्याच्यासह बारा जण बुडाले.'

तो कप्तान थोरलीचा आजोबा. तेव्हापासून गावात त्यांच्या घराला 'बुडव्यांचं घर' म्हणत, पोस्टमनसुद्धा. वडिलांनी संग्रहालयाची पायरी कधी चढली नाही. लेकीने नेमकी तिथेच नोकरी धरली, तेव्हा महिनाभर त्यांनी तिच्याशी धड बोलणं टाकलं. ती म्हणाली होती, "रोज पुसते मी ती पाटी. एक दिवस झिजून जाईल."

यंदा नांगरावर रंग धरेना. पापुद्रेच सुटत होते. थोरली चिडली, पत्र्याची पट्टी घेतली आणि सगळा रंगच खरवडायला बसली. तिसऱ्या दिवशी दांड्यावर कोरलेले आकडे उघडे पडले.

संग्रहालयाच्या प्रमुखबाई हातातला चहा सहसा कशासाठीच सोडत नसत. त्या दिवशी तो फाटकावर निवला. आतल्या कपाटात बुडालेल्या जहाजाचा तपासणी दाखला होता, त्यावर नांगराचा क्रमांक होता. आकड्याला आकडा जुळला.

बाई मात्र सावध. जहाज खडकावर फुटताना नांगर निसटून पडला असेल तर? त्यांनी नोंदवही काढली. नांगर सापडला होता खडकांपासून मैलभर बाहेर, खोल समुद्रात. म्हणजे तो आधीच पडला होता. पण टाकला होता की नुसताच गळून पडला होता? थोरलीने गोदीतल्या म्हाताऱ्या लोहाराला बोलावून आणलं. नांगराला साखळीच्या तीन कड्या अजून चिकटून होत्या. शेवटच्या तुटक्या कडीवरून त्याने सावकाश बोटं फिरवली. ती बाकीच्यांपेक्षा चांगलीच लांबलेली होती.

"गंजून नाही तुटली, कापलेलीही नाही," तो म्हणाला. "ताणून तुटलीय. अख्खं जहाज हिने धरून ठेवलं होतं गं. कप्तानाने नांगर टाकला होता. साखळीच पुरी पडली नाही."

थोरली तिथेच फाटकावर बसली आणि मनसोक्त रडली. कोण बघतंय याची तिने पर्वा केली नाही.

महिन्याभरात नवी पाटी आली. ती थोरलीनेच भिंतीवर बसवली, चारही स्क्रू पिळून पिळून. खाली नांगर, त्याच्या त्या कडीसकट, रंगाचा एक थेंबही न लावता. मग ती घरी गेली आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, चप्पल घाला."

वडील आले. आत येताना उंबऱ्याशी क्षणभर थबकले, एवढंच. पाटी त्यांनी दोनदा वाचली, दुसऱ्यांदा मोठ्याने, इतक्या मोठ्याने की पलीकडच्या दालनातले पाहुणे डोकावले. 'कप्तानाने वेळीच नांगर टाकला होता.'

थोरलीने काखेतली जुनी पाटी पुढे केली. "ही तुमच्यासाठी ठेवलीय. फोडा, जाळा, काय हवं ते करा."

वडिलांनी ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि परत दिली.

"बाजूलाच लाव," ते म्हणाले. "लोक काय म्हणत होते तेही वाचू दे सगळ्यांना."

प्रमुखबाईंनी स्वतः आणखी चार स्क्रू आणले.

जाताना दाराशी पाहुण्यांची वही होती. वडिलांनी चष्मा पुसला, वाकले आणि नावाच्या रकान्यात आपलं नाव लिहिलं. शेजारी पत्त्याचा रकाना होता. त्यात घर, गल्ली काहीच न घालता त्यांनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं: कप्तानाचं घर.