निजल्यावर नाहीशी होणारी गाठ

स्त्रीची सहनशक्ती धरित्रीसारखी अमर्याद असते. लांज्याजवळच्या विमलाची मात्र आठ महिन्यांत संपली, आणि कुठे संपली ते बोट ठेवून सांगता येत होतं: बसायच्या जागेशी, डाव्या अंगाला, लिंबाएवढी गाठ. सांगता येत होतं, दाखवता येत नव्हतं. विळीवर उकिडवी बसली की गाठ हजर. डॉक्टरांनी टेबलावर निजवलं की गायब.

पहिल्या डॉक्टरांनी मूळव्याधीचं मलम दिलं. दुसऱ्यांनी 'अंग बाहेर येतंय' म्हटलं. गर्भपिशवी सहा वर्षांपूर्वीच काढलीय हे कळल्यावर झोपेच्या गोळ्या दिल्या. देवळात कौल लावला, तर देवानेही उजवा, म्हणजे 'सगळं ठीक' असाच दिला. सोनोग्राफी निजूनच झाली. रिपोर्ट निर्मळ.

"मशीन खोटा बोलताय काय गो?" नवरा भागोजी म्हणाला.

"मशीन खरा बोलताय. पन मी दिवसभर निजून असतेय काय?"

कॅन्सरच असणार, असं तिने मनाशी ठरवलं. जेवण अर्ध्यावर आणलं, चांगली लुगडी सुनांना वाटून टाकली. सुनांनी 'कशाला, कशाला' म्हणत घेतली.

रत्नागिरीच्या डॉक्टर श्रुतीही म्हणाल्या, "मावशी, टेबलावर झोपा."

"निजनार नाय." विमलाने टेबलाचा पाय धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मेली तरी निजनार नाय." आणि तिथेच फरशीवर ती उकिडवी बसली, जोरात खोकली. "आता तुम्ही वाकून बघा."

श्रुती गुडघ्यांवर आल्या. बोटांनी गाठ चाचपली.

"हर्निया आहे. ओटीपोटाच्या तळाचा पडदा फाटून आतडं खाली उतरतंय. फार क्वचित दिसतं हे. अडकलं तर काही तासांत सडेल."

"म्हंजे हाय ना?" विमलाने विचारलं. सडण्याचं तिला काही वाटलं नाही.

आजार दुर्मीळ निघाल्यावर मान वाढला. पाच डॉक्टर आले, आणि पाचांसाठी ती पाचदा बसून खोकली. दुसऱ्या दिवशी पोट उघडून आतडं वर घेतलं, भोकावर जाळी शिवली. तीन तास भागोजी बाहेर तो निर्मळ रिपोर्ट हातात धरून उभा होता.

"खराच हुता तर," ती शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला.

"नाय. हौस म्हनून पोट फाडून घेतलाय."

घरी जाताना मिळालेल्या कार्डावर लिहिलं होतं: तीन महिने उकिडवं बसायचं नाही. घरातला संडास भारतीय पद्धतीचा होता.