गुरुवारच्या सभेची घंटा

मी घंटा बोलतेय. सेवा मंडळाच्या गुरुवारच्या सभेची घंटा. अंग काशाचं, मुठीवर नंदी आणि पोट रिकामं. घंटेच्या पोटात जो लोलक लोंबतो, तो माझ्या पोटात नाही. म्हणूनच तर मला बोलता येतंय. उद्या ज्ञानोबा मास्तर मला तुळजापूरला नेऊन नवा लोलक बसवून आणणार आहेत. एकदा तो बसला की मी फक्त वाजेन, बोलणं कायमचं संपेल. तेव्हा जे सांगायचं ते आजच सांगते.

तुळजापूरच्या एका ओताऱ्याच्या भट्टीत माझा जन्म झाला. देवळाच्या मोठ्या घंटेसाठी काढलेलं कासं थोडं उरलं, ते वाया जाऊ नये म्हणून त्यानं मला ओतलं. नंदी बसवला तो गिऱ्हाईक लिंगायत मिळालं तर बरं म्हणून. आणि तसंच झालं. महांतप्पा देवीला आले होते. नळदुर्गापासून थोड्या अंतरावर आमचं पेठेचं गाव. तिथं त्यांची भुसार मालाची अडत होती. त्यांनी मला हातात घेतलं, कानाशी धरून वाजवलं आणि म्हणाले, "आवाज लई गोड हाय. सभेला चालंल." सभा म्हणजे भजनाची असेल असं मला वाटलं. मी हरखून गेले.

निजामाचं राज्य होतं. चाळीस सालाच्या पुढचे दिवस. चार माणसं एका सतरंजीवर बसली की सरकारच्या पोटात गोळा यायचा. ठाण्यावरचा अंमलदार म्हणजे अमीन, त्याची इजाजत असल्याशिवाय सभा भरायची नाही. महांतप्पांनी कितीतरी खेटे घालून ती मिळवली. अट एवढीच, की सरकार, धर्म आणि अंमलदार या तिघांचं नाव तोंडात यायचं नाही, आणि सभेला मागं एक जवान बसेल. अडतीच्या माडीवर दर गुरुवारी तिन्हीसांजेच्या आधी सभा भरू लागली. अध्यक्ष महांतप्पा आणि चिटणीस ज्ञानोबा मास्तर. मास्तरांचं उर्दू चांगलं, त्यामुळे अर्ज लिहिण्याचं काम कायम त्यांच्या गळ्यात.

मंडळानं पुढं स्वतःच एक रीत घातली. पाहुण्यांचं बोलणं वाकड्या वाटेला लागतंय असं दिसलं, की अध्यक्षांनी घंटा वाजवायची. मग वक्त्यानं वाक्य असेल तिथं सोडायचं, लोकांनी टाळ्या वाजवायच्या, शाल-नारळ व्हायचा, आणि त्या विषयावर पुन्हा कुणी चकार शब्द काढायचा नाही. ही रीत अमीनानं सांगितलेली नव्हती. ती आमच्याच माणसांनी सुचवली आणि एकमतानं मंजूर केली. त्याला ते शिस्त म्हणत.

खोटं कशाला बोलू, मंडळाची कामं चांगली होती. पेटीभर पुस्तकांचं वाचनालय होतं, औषधाचं कपाट होतं, उन्हाळ्यात मोटार थांब्यावर पाणपोई असायची. पाहुणेही परोपरीचे यायचे. भुईमुगाच्या बियाण्यावर बोलणारे यायचे, गुरांच्या खुरकुतीवर बोलणारे यायचे. ब्रह्मचर्यावर बोलायला आलेल्या एका पैलवानाला शब्दच फुटेनात, म्हणून त्यानं सभेत जोर काढून दाखवले. "मी दोनच शब्द बोलणार आहे" असं म्हणणारा माणूस कधी लवकर आटोपत नाही, हे मी तिथंच शिकले. आणि लोकांचं अर्धं लक्ष आतल्या दाराकडे असायचं. त्या दाराआड महांतप्पांची सून शिवकांता चहा करायची आणि भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला परतायची. फोडणीचा वास आला की टाळ्या जोरात पडायच्या.

बायकांना सभेत बसायची चाल नव्हती. पण सगळ्या गावात पाहुण्यांचं भाषण मन लावून कुणी ऐकत असेल, तर ती शिवकांता. दार बोटभर उघडं ठेवून ऐकायची. कधी फोडणी करपायची. भुईमुगाचं बियाणं कसं निवडायचं, हे तिनं आपल्या माहेरी जाऊन सांगितलं होतं. सभा संपल्यावर ती मला पदरानं पुसून कोनाड्यात ठेवायची. मला इतक्या मायेनं दुसऱ्या कुणी हात लावला नाही.

त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात सोलापूरहून शांतलिंग डॉक्टर आले. विषय होता उन्हाळ्यातलं आरोग्य. यात वाकडं काय असणार? महांतप्पा निवांत होते. डॉक्टर दुपारीच मोटारीनं उतरले आणि सभेआधी गावातून हिंडून आले. भाषणाला उभे राहिले, ताकाचं सांगितलं, कांद्याचं सांगितलं, लोक माना डोलावत होते. मग ते म्हणाले, "दुपारी मी तुमचा आड पाहिला. सगळं गाव तिथलं पाणी भरतं. त्याच्या वरच्या अंगाला साहेबांचा तबेला आहे. तबेल्यातली सगळी घाण मुरून आडात उतरते. म्हणून माझं सांगणं आहे की..."

मागं भिंतीला टेकलेला जवान ताठ बसला.

तबेला अंमलदाराचा. महांतप्पांचा हात माझ्याकडे आला. त्यांनी मला मुठीला धरलं. क्षणभर ते थांबले. त्या क्षणात त्यांना वाचनालय दिसलं असेल, पाणपोई दिसली असेल, ठाण्याचे खेटे आठवले असतील. मग त्यांनी मला वाजवलं. माझा आवाज गोड, लांबवर जाणारा. डॉक्टरांचं वाक्य त्यात बुडालं. त्यांना वाटलं, वेळ झाली. ते हसून खाली बसले. टाळ्या पडल्या.

मोटारीला निघताना मात्र डॉक्टर जिन्याशी थांबले. महांतप्पा आणि मास्तर दोघंच जवळ होते. डॉक्टर म्हणाले, "अध्यक्ष, ते आडाचं राहिलं. पाणी वाईट आहे. एवढं गावाला सांगा."

"सांगतो की," महांतप्पा म्हणाले. "पण असं तोंडी नगं. गवगवा झाला तर साहेब म्हनतील मंडळ लोकांस्नी चिथवतंय. रीतसर विषय ठेवू. तुमीच पुन्हा या आन समदं बैजवार बोला."

"अर्ज मी आजच लिहितो," मास्तर म्हणाले. "विषय टाकतो, पिण्याचं पाणी आन आरोग्य."

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. काही बोलणार होते, तेवढ्यात मोटारीचा भोंगा वाजला.

आता हसावं का रडावं तुम्हीच ठरवा. दारोदार जाऊन दोन शब्द सांगायचे, तर या माणसांनी त्याचं व्याख्यान ठरवलं. वाईट माणसं नव्हती हो. सभेत बोलल्याशिवाय गोष्ट सांगितल्यासारखी होत नाही, अशी त्यांना सवय लागली होती.

त्या संध्याकाळी मला पुसता पुसता शिवकांतानं विचारलं, "मामा, पाव्हणं पुढं काय म्हनत हुते? आडाचं अर्ध्यातच ऱ्हायलं."

महांतप्पा पगडी खुंटीला अडकवत होते. त्यांचं मन डळमळलं, मला दिसत होतं. पण सुनेला सांगावं, तर सकाळी आडावर सगळ्या बायकांना कळणार, आणि दुपारी ठाण्यावर. शिवाय गावाआधी आपल्याच घरानं जपावं हेही त्यांना बरं वाटेना. अध्यक्ष होते ना. आणि इतकी वर्षं सगळे तेच पाणी पीत आलेत, आठवड्यानं काय बिघडतंय, असं त्यांनी मनाला समजावलं.

"पुढल्या बेस्तरवारी कळंल," ते म्हणाले. "ते पुन्हा येनार हायेत."

"बरं," ती म्हणाली. "तवा म्या फोडणी आधीच करून ठेवते. समदं नीट ऐकायचंय."

पुढचा बेस्तरवार म्हणजे गुरुवार आला, इजाजत आली नाही. त्याच्या पुढचाही गेला. अमीन दौऱ्यावर, अमीन आजारी, अमीनाला विषय कळेना. मास्तर दर खेपेला अर्ज आणखी शुद्ध उर्दूत लिहीत. आणि मग पटकी आली.

आधी आडाजवळच्या आळीत आली. सकाळी पाण्याला गेलेली बाई दुपारी अंथरुणाला खिळायची. लोक देवीला नैवेद्य दाखवू लागले, वेशीवर लिंबं कापू लागले, आणि आजाऱ्याच्या घशाला कोरड पडली म्हणून त्याच आडाचं पाणी कळशीनं पाजू लागले. महांतप्पांनी तेव्हा उंबऱ्यावर उभं राहून घसा फोडून सांगितलं, "आडाचं पानी पिऊ नगा!" पण त्या कल्लोळात कोण ऐकतंय. आणि सांगून ते घरात वळले, तेव्हा शिवकांता चुलीपाशी पोट धरून बसली होती.

दिवस मावळायच्या आत ती गेली. शेवटी शेवटी तिला पाणी हवं होतं. महांतप्पांनी स्वतः उकळून निववलेलं पाणी तिच्या ओठाला लावलं. तिनं एक घोट घेतला आणि क्षीण आवाजात विचारलं, "मामा, बेस्तरवार कवा हाय?" 

लिंगायताची मयत निघते तेव्हा त्यांचा पुरोहित, जंगम, पुढं घंटा वाजवत चालतो. त्या दिवसांत इतक्या मयती होत्या, की जंगम दुसऱ्या दारी गेला होता आणि घंटाही त्याच्याबरोबर. मग कुणीतरी कोनाड्यातून मला काढलं. जिनं मला पदरानं पुसलं, तिच्यापुढं मी वाजत गेले. रस्त्यात लोक उभे होते. मी वाजले की गप्प बसायची त्यांना सवय होती. ते गप्प उभे राहिले. फक्त महांतप्पा माझ्या प्रत्येक ठोक्याला दचकत होते.

पटकी ओसरायला लागली, आणि मग इजाजत आली. तोच जवान कागद घेऊन आला. "साब बोले, सभा करो. मगर तबेले का नाम नक्को."

डॉक्टरांना निरोप गेलेला होता, ते आले. माडीवर सतरंजी अंथरली होती. तिच्यावर मास्तर आणि जेमतेम दोन-तीन माणसं. आतलं दार बंद होतं, फोडणीचा वास नव्हता. डॉक्टरांना जिन्यावरच सगळं कळलं असावं. ते उभेच राहिले. म्हणाले, "आता मी काय बोलू?"

महांतप्पा म्हणाले, "त्या दिवशीचं वाक्य पुरं करा. म्या मोडलं हुतं. तेवढंच ऐकायचंय."

डॉक्टरांनी घसा खाकरला. रिकाम्या सतरंजीकडे बघत म्हणाले, "म्हणून माझं सांगणं आहे की, आडाचं पाणी उकळून प्या."

ते खाली बसले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मागून जवानाचा आवाज आला, "बस? इतनाच था?" मग तो जरा पुढं सरकून म्हणाला, "इसमें तो साब का नामच नई. ये तुम उसी दिन बोलने देते तो मैं काय को रोकता?"

महांतप्पांनी मला उचललं. मला वाटलं, सवयीनं वाजवणार. पण त्यांनी मला उलटं केलं, पोटात हात घातला आणि लोलक पिळून पिळून आकडीतून उपटून काढला. बोटातून रक्त आलं. तो लोलक त्यांनी शिवकांताला पुरलं होतं तिथल्या मातीत नेऊन पुरला, आणि मला कोनाड्यात पालथी घातली. मंडळ त्या दिवशी संपलं. पाऊसपाणी झालं, आणि लोक पुन्हा त्याच आडावर जाऊ लागले. पाणी उकळायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

नंतर निजामाचं राज्य गेलं. गावानं पेढे वाटले. काल ज्ञानोबा मास्तर आले होते. महांतप्पा आता ओट्यावर नुसते बसून असतात. मास्तर उत्साहानं म्हणाले, "अप्पा, आता इजाजत न्हाय, जवान न्हाय. मंडळ पुन्हा सुरू करू. पयला विषय ठेवलाय, स्वातंत्र्य आन आपली कर्तव्यं."

महांतप्पांनी विचारलं, "आडावरचा तबेला उठला का?"

मास्तर घुटमळले. "न्हाय अजून. नवे साहेब तिथंच घोडी बांधत्यात. पण नव्या मानसाला एकदम कसं बोलायचं? पुढं कवातरी रीतसर विषय ठेवू. घंटा तेवढी द्या, पाव्हणे लई लांबवत्यात."

 मला वाटलं, आता हे उठतील, ओरडतील. ते एवढंच म्हणाले, "न्या."

म्हणून उद्या माझ्यात नवा लोलक बसेल. कुणी हलवलं की मी वाजेन, गोड वाजेन, कारण दुसरं काही मला येत नाही. माझी तुमच्याकडं एकच मागणी आहे. माझ्यानंतर टाळ्या वाजवू नका. पाहुण्याला विचारा, पुढं काय म्हणत होता? एका बाईनं हे विचारलं होतं, आणि तिला पुढच्या बेस्तरवारी सांगतो म्हणाले.

तुम्ही विचाराल असं मला वाटत नाही.