बारा ते पाच बंद

मित्रांनो, शहागंजात एका कापड दुकानाला लागून एक दवाखाना आहे. त्याच्या दारावरची मी जुनी पत्र्याची पाटी आहे. माझा रंग विटला आहे, एका कोपऱ्याला गंज चढला आहे. पण माझी अक्षरं अजून स्पष्ट वाचता येतात. तेच माझं दुःख आहे.

निजामाची राजवट संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला पाच-सहा वर्षं झाली होती, तेव्हा माझा जन्म झाला. मला रंगवणाऱ्या पेंटरचा हात उर्दूला सरावलेला. मराठी अक्षरं तो नवीनच शिकत होता. त्यामुळे माझ्या शिरोरेघा जराशा तिरक्या आल्या. त्याने वर मराठीत आणि खाली उर्दूत लिहिलं : 'सकाळी ९ ते १२, सायंकाळी ५ ते ८.' आप्पासाहेब डॉक्टरांनी मला दारावर ठोकलं, तेव्हा येणारे-जाणारे थांबून मला वाचत. मला फार अभिमान वाटे.

आप्पासाहेब माणूस चांगला. कोणाच्या आईला दमा आहे, कोणाच्या सुनेला कितवा महिना आहे, हे त्यांना न विचारता ठाऊक असे. फक्त बारा वाजले की ते घरी जात, जेवत आणि झोपत. मधे कोणी उठवलेलं त्यांना खपत नसे.

वैशाखातली दुपार होती. हर्सूलकडे मेंढरं राखणारा सोनाजी आणि त्याची बायको बानाबाई पायी चालत आले. बानाबाईच्या खांद्यावर दीड वर्षांची आवडा होती. तिला रात्रीपासून जुलाब आणि ओकाऱ्या होत होत्या. बन्सी कंपाउंडर तेव्हा कुलूप लावत होता.

"डाक्टरसायेब हायेत का?" सोनाजीने विचारलं.

"पाटी बघा की. आता पाच वाजता."

"आमाला वाचता येत नाय, दादा. पोर लई मलूल झालीय. सकाळधरनं लघवीबी नाय केली तिनं."

बन्सीने माझ्यावर बोट ठेवून मला मोठ्याने वाचून दाखवलं. तो वाईट नव्हता. साहेबांच्या झोपेला भीत होता. "मोठ्या सरकारी दवाखान्यात जा, नाहीतर इथंच सावलीत बसा," असं सांगून तो निघून गेला.

"तिथं आपल्याला कोण वळखतंय?" बानाबाई नवऱ्याला म्हणाली. "ह्या डाक्टरांनीच तुमच्या आईला बरं केलं व्हतं. बसू इथंच."

ती दोघं माझ्याखाली बसली. बानाबाई पदराचं टोक पाण्यात बुडवून पोरीच्या ओठांवर पिळत होती. आधी ती ओठ हलवी, मग पाणी गालावरून ओघळू लागलं. दहा मिनिटांच्या वाटेवर डॉक्टर झोपले होते. मित्रांनो, मला सारं दिसत होतं आणि माझ्या अंगावर 'पाच' लिहिलेलं होतं. पत्र्याला ओरडता येत नाही.

पाचला आप्पासाहेब आले. पोरीला पाहताच त्यांनी तिला उचलून आत धाव घेतली. सलाईन लावायला त्यांना शीर सापडेना. एका हाताला पाहिलं, दुसऱ्या हाताला पाहिलं, पायाला पाहिलं. पोरीने मान टाकली.

"अरे, मला उठवायचं नाही का?" डॉक्टर ओरडले.

बन्सी भिंतीला टेकून उभा होता. "तुम्हीच सांगितलं होतं, साहेब."

सोनाजी हात जोडून म्हणाला, "पाटीवर पाच लिवलंय म्हणले. म्हणून आम्ही बसलो, सायेब."

त्या रात्री आप्पासाहेब जेवले नाहीत, असं बन्सी नंतर सांगे. दुसऱ्याच दिवशी पेंटरला बोलावणं गेलं. त्याने माझी जुनी वेळ खरवडून काढली आणि लिहिलं : 'सकाळी ९ ते रात्री ८. दुपारीही उघडा.' डॉक्टरांनी आतल्या खोलीत एक खाट टाकली. दुपारी ते तिथेच पडत आणि कोणीही आलं की बन्सी त्यांना उठवी. अशी पस्तीस वर्षं गेली. गंगापूर-पैठणकडची माणसं एसटीतून उतरून दुपारीच पोहोचत, आणि दार उघडं असे. त्यातली किती वाचली, मला मोजता येत नाही.

मग बन्सी गेला. दीड वर्षापूर्वी आप्पासाहेबही गेले. त्यांच्या मुली दूर असतात. दाराला कुलूप लागलं, पण मला काढायचं कोणाला सुचलं नाही.

गेल्या महिन्यात गंगापूरहून वच्छलाबाई नावाची म्हातारी आली. तिला धाप लागली होती. सोबतच्या नातीने मला वाचलं, "आज्जे, दुपारीबी उघडा लिवलंय. येतील." दोघी पायरीवर बसल्या. अर्धा तास गेला, तास गेला. शेवटी कापड दुकानदाराचं लक्ष गेलं.

"मावशी, डॉक्टर वारले की. तुम्हाला कळलं नाय?"

म्हातारी कुलपाकडे बघत राहिली. "मग आता मी कोनाला दाखवू? दुसऱ्याला पैल्यापासून सारं सांगावं लागंल. तेवढा दम कुठंय?"

दुकानदाराने तिला पाणी दिलं, रिक्षा बोलावली. ती कुठे गेली, पुढे तिचं काय झालं, मला कळलं नाही.

मित्रांनो, मी एकदा खरं सांगून घात केला आणि आता खोटं सांगून करते आहे. तुमच्यापैकी कोणी हातोडी घेऊन आलं, तर मला खाली उतरवा. दवाखान्याच्या दारात कोणी वाचता न येणारं उभं असेल, तर नुसती वेळ वाचून दाखवून निघून जाऊ नका. डॉक्टरांचं घर कुठे आहे, तेही सांगा आणि सोबत जा. आणि पुढे कोणी डॉक्टर झालात, तर पाटी रंगवायला देण्याआधी एक दिवस स्टँडवर उभे राहा. दुखणाईत घेऊन येणारी एसटी किती वाजता पोहोचते, ते आधी बघा.