गुडघ्याने उघडणारं कपाट

मित्रांनो, मी ओकच्या लाकडाचं एक जुनं कपाट आहे. हॅम्बुर्गमधल्या एका घरात दुसऱ्या मजल्यावर उभं आहे. माझा डावा दरवाजा पहिल्यापासूनच हट्टी.

मला लोरेच्या आईने लग्नात करवून घेतलं. तेव्हा मी पहिल्या मजल्यावर होतं. चिमुरडी लोरे डावा दरवाजा गुडघ्याने हळूच उचलायची आणि बिस्किटं पळवायची. पुढे नाझी आले आणि लोरेच्या घरच्यांसारख्या ज्यूंचे दिवस फिरले. लोरेला एकटीलाच इंग्लंडला धाडलं. तिच्या आईबाबांना पोलीस घेऊन गेले, ते परतले नाहीत. त्याच खोल्यांत सामानाचा लिलाव झाला आणि वरच्या शेजाऱ्याने मला पडत्या भावात उचललं. एक जिना चढलं आणि माझं घराणंच बदललं.

त्याची मुलगी वीबके. कपाट आत्याचं, असं तिला सांगितलेलं. डावा दरवाजा ही माणसं चाकू घालून उघडत, त्याचे ओरखडे अजून आहेत.

वीबके मनाने वाईट नाही. दारापुढच्या फुटपाथवर लोरेच्या आईबाबांच्या आठवणीसाठी त्यांच्या नावांचे पितळी दगड बसवायला तीच पुढे होती. दर नोव्हेंबरात, ज्यूंवरच्या हल्ल्यांच्या स्मृतिदिनी, ती ते घासून लख्ख करते, मेणबत्ती लावते. मग वर येऊन मला मेण चोळते. मला कसंनुसं होतं.

एका नोव्हेंबरात म्हातारी लोरे ते दगड बघायला आली. वीबकेने तिला आग्रहाने कॉफीला वर आणलं आणि बशा काढायला चाकू घेतला.

लोरे उठली. तिने गुडघा लावला, दरवाजा किंचित उचलला. मी उघडलं.

वीबकेने चाकू खाली ठेवला. "बाबा म्हणायचे, आत्याचं आहे," वीबके कशीबशी म्हणाली.

"आणि तुम्ही?"

"मी कधी विचारलं नाही."

हे घेऊन जा, असं ती रडत विनवू लागली.

"माझ्या दोन खोल्यांत कुठे ठेवू? राहू दे इथेच," लोरे म्हणाली. "फक्त कोणी विचारलं, तर आत्याचं म्हणू नका."

आता वीबकेही गुडघ्यानेच दरवाजा उघडते. ही युक्ती कोणी शिकवली, असं भाऊ-भावजय हसून विचारतात. ती कॉफी बघायला आत जाते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, पण आधी त्या कोणाच्या ते विचारा. मला मेण नको. वीबके, एकदा त्यांच्यासमोर लोरेचं नाव घे ना गं.